प्रेक्षकांनी केलेली चळवळ

१९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी मित्रांसोबत कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, तेव्हा ‘पथेर पांचाली’ पडद्यावर यायला आठ वर्षं होती. राय आधी प्रेक्षक म्हणून घडले. १९५९मध्ये ठिकठिकाणच्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि त्याचं अध्यक्षपद रायांकडेच आलं.

मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. सुधीर नांदगावकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. पाहिलेल्या सिनेमावर बोलावं, लिहावं, भांडावं ही सवय मराठी माणसाला या मंडळानं लावली. ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक त्यातूनच निघालं. अर्थात सगळे सभासद काही कलेच्या ओढीनं येत नव्हते. सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरपासून सूट असे, आणि कात्री न लागलेली दृश्यं पाहायला आलेली गर्दी घरोघरी व्हिडिओ येताच पांगली.

मला मात्र या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते कर्नाटकातलं हेग्गोडू. सुपारीच्या बागांमधलं हे लहानसं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेनं सत्तरच्या दशकात ‘चित्रसमाज’ ही फिल्म सोसायटी सुरू केली. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातून पी. के. नायर फिल्मची रिळं पाठवत, सतीश बहादूर रसास्वाद शिकवायला येत. ‘बायसिकल थीव्हज’, ‘राशोमोन’ हे सिनेमे शेतकरी-मजुरांनी पाहिले, त्यांवर चर्चा केली. ‘सामान्यांना हे कळणार नाही’ हा शहरी समज तिथे खोटा ठरला.

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम याच्याही पुढे गेले. १९८४मध्ये त्यांनी मित्रांसह ‘ओडेसा’ हा गट उभारला. गावोगाव चित्रपट दाखवायचे आणि लोकांकडून जमेल तेवढी वर्गणी घ्यायची. त्या पैशांतून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ तयार झाला. ज्यांनी पाहायचा, त्यांनीच पदरमोड करून उभा केलेला सिनेमा!

प्रेक्षकांची ही ताकद पुढेही दिसली. २००४मध्ये मुंबईच्या माहितीपट महोत्सवानं अनेक चित्रपट नाकारले. तेव्हा माहितीपटकारांनी ‘विकल्प’ नावानं समांतर महोत्सव भरवून ते दाखवले. त्यांत गुजरातच्या दंगलींवरचा राकेश शर्मांचा ‘फायनल सोल्यूशन’ होता. पुढे सेन्सॉर बोर्डानंही त्याला प्रमाणपत्र नाकारलं. पण लोकांनी सीडीच्या प्रती काढून वाटल्या, ठिकठिकाणी खेळ लावले, निषेध नोंदवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोर्डानं एकही दृश्य न कापता तो मंजूर केला.