शरणपूरच्या मुलांचा वंशवृक्ष

नाशिकचा शरणपूर रस्ता आज बँका, दुकाने, दवाखाने आणि वाहनांच्या गर्दीने गजबजलेला असतो. या नावातील ‘शरण’ कोणाचे, असा प्रश्न रोज तेथून ये-जा करणाऱ्यांना सहसा पडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत उभी राहिली. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने 1854 च्या सुमारास तिचा पाया घातला. स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांबरोबरच, हिंदी महासागरात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींनाही तेथे आसरा मिळाला. त्यांना लिहिणे-वाचणे शिकवले जाई आणि सुतारकी, लोहारकी यांसारखी कामेही. पुढे इंग्रजी ग्रंथांतून ही मुले ‘नासिक बॉईज’ म्हणून ओळखली गेली आणि त्यांच्या समाजाला ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे नाव पडले.

या शहराशी वंशाच्या शोधाचे नाते तसे फार जुने आहे. शरणपूरपासून काही किलोमीटरवर, गोदावरीच्या रामकुंडाच्या परिसरात, तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वह्या आहेत. यजमानाचे गाव, आडनाव आणि जात सांगितली, की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर आणि कशासाठी आले होते, हे वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. कित्येकदा खुद्द पूर्वजाची सहीही सापडते. ज्याला गाव आणि आडनाव आहे, त्याच्यासाठी नाशिक हे वंशवृक्षाचे भांडार आहे. शरणपूरच्या मुलांपाशी मात्र नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या. एकाच नगरीत, एकाच काळी, एका घाटावर नावे जपली जात होती आणि जवळच्याच वसाहतीत नावे हरवलेली मुले नव्या नावांनी मोठी होत होती.

नाव बदलले, प्रवास सुरू झाला

ब्रिटिश आरमाराने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत आणि अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडण्यास सुरुवात केल्यावर, सुटका झालेल्यांचे करायचे काय, हा प्रश्न निर्माण झाला. त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडणे म्हणजे पुन्हा दलालांच्या हाती देणे होते. मूळ गाव शेकडो मैल आत, आणि लहान मुलांना त्याचा रस्ताही ठाऊक नसे. त्यामुळे काहींना एडनला, काहींना मुंबईला, तर काहींना सेशेल्स बेटांवर उतरवण्यात आले. मुंबईस आलेल्यांपैकी काही मुले नाशिकला पाठवण्यात आली.

मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांपैकी एक. त्यांचे मूळ नाव चेंग्विंबे. ते याओ समाजाचे होते. आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या देशांत हा समाज पसरलेला आहे. जेकब वेनराइट हेही याओच. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1865 साली आपल्या अखेरच्या मोहिमेची तयारी करण्यासाठी मुंबई इलाख्यात आला, तेव्हा नाशिकचे नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. पुढे 1872 मध्ये हेन्री स्टॅन्लीने पाठवलेल्या तुकडीतून आणखी काही नाशिककर त्याला जाऊन मिळाले. वेनराइट आणि वेलिंग्टन या तुकडीत होते.

लिव्हिंग्स्टनचा मृत्यू 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियातील चितांबो येथे झाला. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना वाचणारे आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरणारे जेकब वेनराइट हे शरणपूरच्या शाळेत शिकलेले होते. त्यानंतर सोबत्यांनी मृतदेह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या अंत्यविधीत शवपेटीला आधार देणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होते. त्यांनी लिहिलेली रोजनिशी आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला असा वृत्तांत त्या काळातील दुर्मीळ साधनांपैकी आहे.

घरी परतले, पण कोणत्या घरी?

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी 1873 मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविषयी वाटाघाटी केल्या. मुक्त झालेल्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी, हा विचार त्यातून बळावला. 1875 साली मोंबासालगत ‘फ्रियरटाऊन’ वसले. ते उभारण्यासाठी पाठवण्यात आलेले मिशनरी होते नाशिकचेच प्राइस. सुमारे दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’ या भागात गेले. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तर 1864 सालीच मोंबासाजवळच्या राबाई येथील मिशनच्या कामासाठी रवाना झाले होते. फ्रियरटाऊनची घंटा आजही मोंबासात आहे. तिच्यावरूनच त्या जागेला ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशी, असे स्वाहिली नाव पडले.

कागदोपत्री ही घरवापसी होती. प्रत्यक्षात मोंबासा हे त्यांच्यापैकी बहुतेकांचे घर नव्हते. याओ मुलाचे गाव तेथून कितीतरी दूर दक्षिणेला होते. किनाऱ्यावर स्वाहिली बोलली जाई. ही मंडळी इंग्रजी नावांची, ख्रिस्ती धर्माची, हिंदुस्थानच्या चालीरीती अंगी बाणलेली आणि शाळेत शिकलेली. त्यांच्या वाट्याला आलेले नाव पाहिले तरी त्यांची स्थिती कळते. हिंदुस्थानात ते ‘आफ्रिकन’ होते आणि आफ्रिकेत गेल्यावर त्यांच्या नावापुढे ‘बॉम्बे’ लागले.

तरीही त्यांनी तेथे आपले स्थान निर्माण केले. शिक्षक, दुभाषे, कारागीर आणि धर्मोपदेशक म्हणून त्यांनी काम केले. राबाईच्या विल्यम जोन्स यांनी मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना वस्तीत आश्रय दिला. या पळून आलेल्यांचा प्रश्न पुढे इतका चिघळला, की 1889 च्या प्रारंभी ब्रिटिश कंपनीला मालकांना मोबदला देऊन चौदाशेहून अधिक जणांना मुक्ततेचे दाखले द्यावे लागले. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात जगले.

एकच गलबत, तीन भाषा

येथे भाषेचा एक विलक्षण प्रश्न उभा राहतो. निरनिराळ्या भाषांची माणसे सक्तीने एकत्र आली, की व्यवहारापुरती एक कामचलाऊ बोली तयार होते. तिला ‘पिजिन’ म्हणतात. अशा बोलीतून मुलांची पहिली भाषा घडते, तेव्हा ती भरते, वाढते आणि पूर्ण भाषा होते. तीच ‘क्रिओल’. तिचा शब्दसंग्रह बहुधा सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून आलेला असतो, व्याकरण मात्र तिचे स्वतःचे असते. क्रिओल म्हणजे मोडकीतोडकी फ्रेंच किंवा पोर्तुगीज, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये ‘मो ति मांझे’ म्हणजे मी जेवलो, ‘मो पे मांझे’ म्हणजे मी जेवतो आहे आणि ‘मो पु मांझे’ म्हणजे मी जेवेन. क्रियापद बदलत नाही, त्याआधीचा लहानसा शब्द काळ सांगतो. शब्द फ्रेंच वंशाचे, पण ही रचना फ्रेंच शाळेत शिकवली जाणारी नव्हे.

नाशिकला आली तशीच मुले सेशेल्सलाही उतरवली गेली. 1861 पासूनच्या पंधरा-एक वर्षांत तेथे सुमारे अडीच हजार मुक्त आफ्रिकी आणले गेले. त्यांच्यासाठी माहे बेटाच्या डोंगरावर 1876 साली वसवलेले ‘व्हेन्स टाऊन’ चर्च मिशनरी सोसायटीचेच होते. म्हणजे संस्था तीच, गलबते त्याच प्रकारची आणि मुलेही तशाच कुटुंबांतून तुटलेली. पण सेशेल्समध्ये आधीच क्रिओल बोलणारा समाज बहुसंख्य होता. मुलांनी ती भाषा उचलली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांची ती मातृभाषा झाली. 1981 साली त्या देशाने क्रिओलला राष्ट्रभाषेचा मान दिला.

नाशिकमध्ये असे काही घडले नाही, आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत. मुलांची संख्या थोडी होती. भोवती मराठी आणि हिंदुस्थानी या भरभक्कम भाषा होत्या, वर्गात इंग्रजी होती. नवी भाषा रुजायला पिढ्या लागतात, आणि ही वस्ती तर काही वर्षांतच मोंबासाला गेली. तेथे त्यांची मुले स्वाहिलीत वाढली. फ्रियरटाऊनच्या परंपरेतील जेम्स एमबोटेला यांनी मुक्त गुलामांचा इतिहास 1934 साली लिहिला, तो ‘उहुरू वा वातुम्वा’ या नावाने, स्वाहिलीतच.

महाराष्ट्रात क्रिओल जन्मलीच नाही, असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्यासमोर खाडीपलीकडे असलेल्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीज क्रिओल बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. सोळाव्या शतकात चौल येथे पोर्तुगीजांचा जम बसला. पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे यांच्या सहवासातून ही भाषा घडली. 1740 मध्ये चौल मराठ्यांच्या ताब्यात आले आणि पोर्तुगीज गेले, तरी भाषा राहिली. खाडीने आणि डोंगराने वेढलेले गाव, वेगळा धर्म, गावातल्या गावात होणारे विवाह यांनी तिचे रक्षण केले. मराठीचा ठसाही तिच्यावर उमटला. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, तिचे क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटाकडे सरकले आहे. सुमारे हजारभर माणसांची ही भाषा म्हणजे त्या गावाचा अलिखित वंशवृक्षच आहे. शिक्षण आणि नोकरीसाठी मुले मराठी-इंग्रजीकडे वळत असल्याने तो पुढे किती टिकेल, ही चिंता रास्त आहे.

कागद, रक्त आणि भाषा

पूर्वजांचा शोध घेणाऱ्यापुढे कागदपत्रे, भाषा आणि अलीकडे जनुकीय चाचणी, असे तीन मार्ग असतात. यांपैकी कोणताही एक पुरेसा नसतो.

कागद कसे कामी येतात, हे मॉरिशसच्या मराठी कुटुंबांकडे पाहून समजते. 1834 पासून करारबद्ध मजूर म्हणून साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या बेटावर गेली. त्यांत कोकण आणि घाटावरचे मराठीही होते. आज या कुटुंबांत घरी बहुधा क्रिओल बोलली जाते, गणपती मात्र बसतो. पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुष्कळदा आडनाव होऊन बसले आहे. पण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची दप्तरे जपलेली आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, वडिलांचे नाव, जात, गाव, तालुका, जहाज आणि 1860 च्या दशकानंतर बहुधा छायाचित्रही असते. परकी कारकुनाने ऐकून लिहिलेले गावाचे नाव एकदा ओळखता आले, की उरलेला शोध रत्नागिरी किंवा साताऱ्याच्या खेड्यापर्यंत पोहोचू शकतो.

शरणपूरच्या मुलांच्या नोंदीही झाल्या, पण त्या मुख्यतः सुटकेनंतरच्या. चेंग्विंबे हे नाव टिकले, कारण वेलिंग्टन यांनी ते लक्षात ठेवले आणि सांगितले. कागद जेथे सुरू होतो, तेथे या मुलांचे पहिले आयुष्य आधीच संपलेले असते.

जनुकीय चाचणी त्याहून मागे जाऊ शकते. गुजरात आणि कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यांचे नाते आफ्रिकेतील बांटू भाषिक लोकसमूहांशी असल्याचे दाखवले. हेच सिद्दी उत्तर कन्नडमध्ये पिढ्यान् पिढ्या कोकणी बोलत आले आहेत. रक्त एक सांगते आणि जीभ दुसरे. दोन्ही खरे आहे. मात्र चाचणी प्रदेश सांगते, समाज सुचवते. पणजीचे नाव काय होते, ती कोणत्या भाषेत अंगाई म्हणत असे, हे ती सांगू शकत नाही.

म्हणूनच ‘मूळ’ म्हणजे एकच गाव, एकच भाषा, एकच रक्त, ही कल्पना या सर्व उदाहरणांपुढे अपुरी ठरते. मॉरिशसच्या मराठी घरातील क्रिओल, कोर्लईच्या ख्रिस्ती घरातील मराठी वळणाची पोर्तुगीज आणि मोंबासाच्या स्वाहिली भाषिक कुटुंबाच्या इतिहासातील नाशिक, यांपैकी काहीच उपरे नाही.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 2007 साली ‘बॉम्बे आफ्रिकन’ या विषयावर प्रदर्शन भरवले. राबाई आणि फ्रियरटाऊन परिसरात या मंडळींची स्मृती अद्याप जपली जाते. रामकुंडावरच्या वह्यांत ज्यांची नोंद होणे शक्यच नव्हते, अशा एका समाजाच्या वंशवृक्षात नाशिक हे गाव अशा रीतीने कायमचे लिहिले गेले आहे. शरणपूर रस्त्याच्या पाटीवर ते मोजक्या अक्षरांत रोज वाचता येते.