छावणीच्या कुंपणापलीकडची भाषा

शिपायाची बदली झाली की त्याच्या पाठोपाठ त्याच्या संसाराचीही बदली होते. नवऱ्याला निदान पलटण मिळते, रोजचे काम मिळते. बायकोला मिळते एक परके गाव. १९४६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांना घेऊन पहिले जहाज जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदराला लागले. तेव्हापासून अशा स्त्रियांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. आज एकट्या कैझर्सलाउटर्न शहराच्या आसपास सुमारे ५० हजार अमेरिकन माणसे राहतात. हे लांबलचक नाव त्यांच्या जिभेला पेलले नाही, म्हणून त्यांनी त्याचे ‘के-टाउन’ करून टाकले!

परदेशात दोन-तीन वर्षे काढली की भाषा आपोआप येते, असे आपण समजतो. इथे तसे होत नाही. छावणीत दुकान अमेरिकन, शाळा अमेरिकन, चलनही डॉलरचे. जर्मनीत कायम राहू पाहणाऱ्या पुष्कळ परकीयांना २००५ पासून सरकारी भाषावर्गाला बसावे लागते. सैनिकांच्या कुटुंबांना ते बंधन नाही. मोटार चालवायची तर रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा द्यावी लागते, एवढेच. शिवाय तिने धीर करून दोन जर्मन शब्द उच्चारले, की दुकानदार इंग्रजीत उत्तर देतो. अडत नाही म्हणून भाषा येत नाही, आणि येत नाही म्हणून कुंपणाबाहेर पाऊल पडत नाही. मग नवरा मोहिमेवर जातो, बाळंतपणासाठी एखादे वेळी गावातल्या जर्मन इस्पितळात जावे लागते, आणि परिचारिका काय विचारते आहे हे नेमके त्या घटकेला कळत नाही.

तसे पाहिले तर ही भाषा आपल्याला तितकी परकी वाटू नये. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत: चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. ‘मुलगी’ हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. इंग्रजी बोलणारी बाई त्यावर चकित होते, पण कोकणीतले ‘चेडूं’ ठाऊक असलेल्याला त्यात नवल नाही. तेवीस म्हणताना आपण तीन आधी घेतो, तसेच जर्मनही घेतात. अमेरिकन बाई मात्र टेलिफोनचा आकडा उलटा लिहून बसते. साडेसातला ते ‘अर्धे आठ’ म्हणतात. ती साडेआठला पोचते, तोवर यजमानीणबाईंची कॉफी निवलेली असते.

पण व्याकरणापेक्षा रविवार अवघड. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद. हिरवळ कापण्याचे यंत्र चालवायचे नाही, रिकाम्या बाटल्याही सार्वजनिक पेटीत टाकायच्या नाहीत. नवखी बाई यंत्र सुरू करते आणि शेजारीण कुंपणावरून खडसावते. ‘यांना आम्ही नकोसे आहोत,’ अशी तिची समजूत होते. वास्तविक शेजारणीने फक्त नियम सांगितलेला असतो. आडवळणाने बोलण्याची तिथे फारशी रीत नाही.

गावोगावच्या लोकविद्यालयांत माफक फीमध्ये भाषेचे वर्ग चालतात. जर्मन आणि अमेरिकन स्त्रियांनी मिळून काढलेली मंडळे आहेत; त्यांचा संघ १९४८ पासून चालत आला आहे. माझ्या मते पहिल्या महिन्यात व्याकरणाचे पुस्तक उघडूच नये. पाववाल्याकडे रोज जावे, आणि त्याने इंग्रजी सुरू केले तरी आपण जर्मन सोडू नये. शेजारणीशी मात्र ‘झी’, म्हणजे ‘आपण’, असेच बोलावे. ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणण्याची मुभा वडीलधाऱ्या बाईने आपण होऊन द्यायची असते. कधी त्याला दोन वर्षे लागतात, आणि त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम येतो.