घुंगरांविना

पायाचा आवाज म्हणजे नाच, हे मी सातव्या वर्षापासून ऐकत आले. कथकचा तत्कार करताना पाऊल जरा हलकं पडलं की आमच्या बाई तबल्यावरचा हात थांबवायच्या. "जमिनीला कळू दे की!" त्यामुळे बॅले नर्तकी मियाको योशिदाचा नाच पहिल्यांदा बघितला तेव्हा मी आधी टीव्हीचा आवाज वाढवला.

लंडनच्या रॉयल बॅलेचा 'नटक्रॅकर', पीटर राइट यांनी बसवलेला. चित्रीकरण २००० सालचं. शुगर प्लम परी त्यात शेवटाकडे एकटी नाचते, जेमतेम दोन मिनिटं. साथीला चेलेस्टा. दिसतो छोट्या पियानोसारखा, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या, त्यामुळे इवल्या घंटा किणकिणाव्यात तसे सूर. योशिदा बोटांच्या टोकांवर चालत येते आणि पट्टी वाजते त्याच क्षणी पाऊल टेकलेलं असतं. ना आधी, ना नंतर. आम्ही समेवर येणं म्हणतो ते हेच, फक्त दणका नाही.

लंडनमध्ये बॅले शिकणाऱ्या माझ्या भाचीनं टाकून दिलेला एक पॉइंट शू, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचा बूट, मी सुरीनं कापून बघितला. आत लाकूड असेल, नाहीतर लोखंड, असं वाटलं होतं. निघाले कापड, जाड कागद आणि खळ यांचे थर, वाळून टणक झालेले. वरून गुलाबी सॅटिन. घामानं हे थर मऊ पडले की बूट संपला. कोरा बूट फरशीवर ठकठक वाजतो, म्हणून नर्तकी तो आधी वाकवतात, पायरीवर आपटून आपटून नरम करतात. रिबिनी ज्यानं त्यानं स्वतःच शिवायच्या. आमचे घुंगरू ओवणं आठवलं.

योशिदा टोकियोची, जन्म १९६५चा. १९८३ साली लोझानच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि ती लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेली. पुढच्याच वर्षी सॅडलर्स वेल्स रॉयल बॅलेत नोकरी. ही मंडळी नंतर बर्मिंगहॅमला हलली. १९८८मध्ये ती 'प्रिन्सिपल' झाली, म्हणजे नायिकेच्या भूमिका करणारी, सगळ्यांत वरच्या पायरीवरची. १९९५मध्ये रॉयल बॅले. तिथला निरोपाचा प्रयोग २०१०मध्ये टोकियोच्या दौऱ्यात झाला. त्यात ज्युलिएट झाली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मी त्या वयात जिने मोजत होते.

२०२०पासून ती जपानच्या नॅशनल बॅलेची कलासंचालक आहे. जुलै २०२५मध्ये तिनं आपली मंडळी 'जिझेल' घेऊन लंडनला, आपल्याच जुन्या रंगमंचावर नेली. भाची गेली होती. रात्री फोनवर मी एवढंच विचारलं, "पावलं ऐकू आली का गं?"

"मावशी, 'जिझेल'मधल्या भुतांची रांग एका पायावर उड्या घेत जाते ना, तेव्हा आली. आजी सुपात तांदूळ पाखडायची, तशी."