मोबाईल कुणाचा, खाते कुणाचे?



आपल्या कार्यक्षेत्रात आता मोबाईल नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. सात-बारा पाहायचा असो, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरायचा असो, पीक विम्याची नोंद करायची असो की पोरांचा बारावीचा निकाल बघायचा असो, हात आपोआप मोबाईलकडे जातो. ही कामे ज्या खिडकीतून होतात तिला ब्राऊझर म्हणतात. बहुतेकांच्या मोबाईलवर तो क्रोम असतो, कुणाकडे फायरफॉक्स, तर आयफोनवाल्यांकडे सफारी. या ब्राऊझरमध्ये सिंक नावाची एक सोय आहे. सोय चांगली आहे. पण तिची पुरती माहिती नसेल तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर यायला आणि बँकेचा पासवर्ड परक्याच्या हाती जायला वेळ लागत नाही. म्हणून तिच्याविषयी चार गोष्टी या लेखात सांगायच्या आहेत.

सिंक म्हणजे काय?

काट्यावर उसाची गाडी लागली की पावती होते. पूर्वी कार्बन घालून तिच्या प्रती काढीत. लिहायचे एकदा, उमटायचे सगळ्या कागदांवर. सिंकचे काम असेच चालते. तुम्ही कोणती पाने उघडली त्याची नोंद, पुन्हा लागतील म्हणून खूण करून ठेवलेली पाने, फॉर्ममध्ये भरलेले नाव-पत्ते आणि जतन केलेले पासवर्ड, हे सगळे कंपनीच्या संगणकावर जाते. तिथून ते त्याच खात्याने चालू असलेल्या दुसऱ्या मोबाईलवर, टॅबवर किंवा संगणकावर उतरते.

ही व्यवस्था तशी नवी नाही. क्रोममध्ये खुणांचे सिंक जानेवारी २०१० मध्ये आले. फायरफॉक्सने मार्च २०११ मध्ये आपल्या चौथ्या आवृत्तीत ते अंगचेच करून टाकले. मोबाईल विहिरीत पडला किंवा फुटला, तरी नव्या मोबाईलवर जुने खाते घातले की सगळे जिथल्या तिथे मिळते. हा फायदा लहान नाही.

पण काट्याच्या पावतीत आणि यात एक मोठा फरक आहे. पावतीची प्रत कुणाकुणाकडे गेली हे आपल्याला ठाऊक असते. इथे प्रती कुठे कुठे उतरल्या हे बहुतेकांच्या गावीही नसते.

कसतो एक, नाव दुसऱ्याचे

जमीन कसणारा एक आणि सात-बारावर नाव दुसऱ्याचे, यातून किती भांडणे कोर्टात गेली हे सभासदांना सांगायला नको. मोबाईलचेही आज तसेच झाले आहे. वडिलांना मोबाईल घेतला, त्यांचे ई-मेल खाते नव्हते, तर पोराने आपलेच घालून दिले. पत्नीच्या मोबाईलवर नवऱ्याचे खाते. कुठे तर दुकानातल्या मुलानेच खाते उघडून दिले आणि पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक! मोबाईल वापरणारा म्हणतो, "मोबाईल माझा." सिंकला ते कळत नाही. सिंक बघते खाते कुणाचे, आणि त्या खात्याचा मोबाईल किंवा संगणक जिथे असेल तिथे नोंद पोचवते.

यातून काय घडते पाहा. एखाद्या आईच्या छातीत गाठ लागते. कुणाला न सांगता ती मोबाईलवर त्याविषयी वाचते. खाते पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचे आणि सिंक चालू. मुलगा कचेरीत आपला संगणक उघडतो आणि आईने रात्री काय काय वाचले त्याची यादी त्याच्यापुढे येते. शेजारी बसलेल्या माणसालाही ती दिसते. कुणी म्हणेल, "बरंच झालं की, मुलाला कळलं." कळले हे खरे. पण कधी सांगायचे आणि कुणाला सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या माऊलीचा होता, तो न विचारता गेला.

याहून कठीण प्रकार आहे तो घरात मारहाण सोसणाऱ्या बाईचा. ती मदत कुठे मिळेल हे मोबाईलवर शोधते आणि खाते नवऱ्याचे असते. तिने काय शोधले हे तो आपल्या मोबाईलवर वाचू शकतो. अशा वेळी सिंक ही सोय राहत नाही, पाळत होते. अशा भगिनीने आपल्या मोबाईलवर शोधाशोध करण्यापेक्षा विश्वासातल्या मैत्रिणीच्या मोबाईलवरून महिला हेल्पलाईनच्या १८१ क्रमांकावर फोन करावा. आपल्या मोबाईलमधले खाते एकाएकी काढून टाकले तर घरात संशय येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

"आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

असे पुष्कळजण विचारतात. आवो, घराला दार लावतो ते आत चोरीचा माल आहे म्हणून का? सोसायटीचे कर्ज थकले, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, भावाभावांत वाटणीचा विचार चालला आहे, डॉक्टरांनी काही सांगितले आहे. या गोष्टी लपवण्यासारख्या नाहीत, तशाच चावडीवर मांडण्यासारख्याही नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा कायदा मुख्यतः कंपन्या आणि संस्थांना बांधतो. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. म्हणजे मुलाच्या संगणकावर आईची यादी दिसली तर हा कायदा मध्ये पडणार नाही. घरातली व्यवस्था घरच्यांनीच लावायची आहे.

पासवर्डाची गोष्ट

पाहिलेल्या पानांची यादी गेली तर अब्रूचा प्रश्न. पासवर्ड गेला तर पैशाचा. जतन केलेले पासवर्डही सिंकबरोबर जातात हे अनेकांना माहीत नसते. यात भलेभले फसले आहेत, त्याची दोन उदाहरणे देतो.

सिस्को ही संगणकांची जाळी जोडणारी अमेरिकेतली बडी कंपनी. तिथल्या एका कर्मचाऱ्याने कंपनीचा पासवर्ड ब्राऊझरमध्ये जतन केला होता आणि तो त्याच्या खासगी गूगल खात्यात सिंक होत होता. मे २०२२ मध्ये चोरट्यांनी ते खासगी खाते ताब्यात घेतले आणि कंपनीचा पासवर्ड आयता मिळवला. पुढे मोबाईलवर मंजुरी द्यावी लागते ती अडचण होती. ती त्यांनी विश्वासातल्या संस्थेची माणसे असल्याचे भासवून, फोन करकरून काढून घेतली. ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच ही हकिगत जाहीर केली.

दुसरी कंपनी ओक्टा. इतर कंपन्यांची लॉगिनची व्यवस्था सांभाळणे, म्हणजे कुलूप-किल्ल्या सांभाळणे, हाच तिचा धंदा. तिच्याही एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचे खासगी गूगल खाते चालू केले आणि कंपनीच्या एका अंतर्गत खात्याचा पासवर्ड त्यात जतन झाला. चोरी बहुधा याच वाटेने झाली असावी असे कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले. चोरट्यांनी १३४ ग्राहकांच्या फायली पाहिल्या होत्या.

आता आपल्याकडे या. ज्या बँक खात्यावर ऊसबिल जमा होते त्याच्या नेटबँकिंगचा पासवर्ड तुम्ही ब्राऊझरमध्ये जतन केला, आणि तेच खाते दुकानातल्या संगणकावर किंवा विकून टाकलेल्या मोबाईलवर चालू राहिले, तर? ओटीपीची आडकाठी आहे हे कबूल. पण अर्धी किल्ली चोराकडे असली की उरलेली अर्धी गोड बोलून काढायला त्याला कितीसा वेळ लागतो? सिस्कोत तेच झाले.

कंपनीच्या कोठीची किल्ली

आपली माहिती ज्या कंपनीकडे साठते तिला ती वाचता येते का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर सगळीकडे सारखे नाही. फायरफॉक्समध्ये माहिती तुमच्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन मग पाठवली जाते, किल्ली कंपनीकडे राहत नाही. म्हणून तिथे पासवर्ड विसरून नवा केला, तर कोठीतली जुनी माहिती जाऊ शकते. क्रोममध्ये नेहमीच्या पद्धतीत किल्ली गूगलकडेच असते. मात्र सिंकसाठी वेगळा सांकेतिक वाक्प्रचार, म्हणजे पासफ्रेज, ठेवण्याची मुभा आहे. तो ठेवला की सिंकची माहिती गूगललाही वाचता येत नाही. तो विसरलात तर कोठीतले सिंक मोडून नव्याने सुरू करावे लागते, म्हणून कागदावर लिहून सात-बाराच्या कागदांबरोबर ठेवावा.

कोठी फोडली जाऊ शकते, हेही नाकारता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑपेरा या ब्राऊझरच्या सिंक यंत्रणेत चोर शिरले. ती वापरणारे सुमारे १७ लाख लोक होते. कंपनीला त्या सगळ्यांचे सिंकचे पासवर्ड रद्द करावे लागले.

आणि सोय न मागताही अर्धी पुढे सरकते, असेही घडले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमच्या ६९ व्या आवृत्तीत जीमेल उघडले की ब्राऊझरही त्याच खात्याने आपोआप चालू होऊ लागला. यामुळे सिंक सुरू होत नाही असे गूगलने सांगितले, तरी लोकांनी टीका केली. ऑक्टोबरमध्ये ७० व्या आवृत्तीत ते बंद करण्याची सोय द्यावी लागली. तेव्हा सेवा केंद्राच्या संगणकावर ई-मेल उघडताना मध्येच काही विचारले गेले, तर वाचल्याशिवाय "हो" दाबू नये.

सभासदांनी काय करावे?

१. घरातल्या प्रत्येक मोबाईलवर खाते कुणाचे आहे ते आजच पाहावे. ज्याचा मोबाईल त्याचेच खाते असावे.

२. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात आपले खाते कोणकोणत्या यंत्रांवर चालू आहे त्याची यादी असते. ओळखीचे नसलेले किंवा विकलेले यंत्र दिसले तर तिथून साइन आउट करून लगेच पासवर्ड बदलावा.

३. ब्राऊझरच्या सेटिंग्जमध्ये काय सिंक व्हावे हे निवडता येते. खुणा राहू द्याव्यात. पाहिलेल्या पानांची नोंद आणि उघडी पाने बंद ठेवली तरी काही अडत नाही. गूगलवर काय शोधले त्याची नोंद मात्र खात्यात वेगळी राहू शकते, तीही पाहून घ्यावी.

४. सिंक बंद केले म्हणजे जुने सगळे पुसले गेले असे समजू नये. दुसऱ्या यंत्रावर उतरलेली प्रत तिथेच राहू शकते. ती तिथे जाऊन पुसावी लागते.

५. बँकेचा पासवर्ड सामाईक मोबाईलवर जतन करू नये. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि मोबाईलला कुलूप असावे.

६. सेवा केंद्रात किंवा दुसऱ्याच्या संगणकावर पाहुण्यासाठीची, म्हणजे गेस्ट खिडकी वापरावी आणि उठताना ती बंद करावी.

७. मोबाईल विकताना किंवा कुणाला देताना नुसते सिमकार्ड काढून भागत नाही. आधी खाते काढावे, मग फॅक्टरी रीसेट करावा.

८. पैसे गेल्याचे लक्षात आले तर घरात चर्चा करीत बसू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे.

घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे, अशी विनंती आहे. आईसाठी आईच्याच नावाचे खाते उघडा, पासवर्ड तिलाच ठरवू द्या आणि तो विचारू नका. आजोबांच्या मोबाईलवरचे दुकानदाराचे खाते काढून टाका. एका मोबाईलला फार तर अर्धा तास लागेल. तोडणी-वाहतुकीच्या धांदलीत हे राहून जाते, तेव्हा हा अंक वाचून झाला की पहिला मोबाईल हाती घ्यावा.