पान कोण वाचतंय? ‘जँगो’मधला टॅग आणि संदर्भाचा प्रश्न

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण जाऊ’ म्हटलं की तो आत येतो. अशा शब्दांचा अर्थ नुसत्या कोशात पुरा होत नाही. कोण बोलतंय, कोणाशी, हे कळावं लागतं. तत्त्वज्ञ डेव्हिड कॅप्लान यांनी याला ‘कॉन्टेक्स्ट’, म्हणजे संदर्भ, म्हटलं. नेमका हाच शब्द ‘जँगो’ या वेब फ्रेमवर्कमध्येही आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते तयार झालं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं.

समजा, एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानावर ‘तुमच्याकडे तीन पुस्तकं आहेत’ असं दाखवायचंय. त्यासाठी आपण स्वतःचा टेम्पलेट टॅग लिहितो. टॅग म्हणजे शेवटी एक फंक्शन. पण यातलं ‘तुमच्याकडे’ म्हणजे कोणाकडे? फंक्शनला ते आपोआप कळत नाही.

उपाय सोपा आहे. टॅगची नोंदणी करताना ‘टेक्स_कॉन्टेक्स्ट’ खरं आहे असं सांगायचं आणि फंक्शनच्या पहिल्या पॅरामीटरचं नाव ‘कॉन्टेक्स्ट’ हेच ठेवायचं. मग कॉन्टेक्स्टमधून ‘रिक्वेस्ट’ आणि रिक्वेस्टमधून ‘युजर’ मिळतो.

तो तिथे येतो कसा? ब्राउझर कुकी पाठवतो, त्यावरून सेशन सापडतं. ऑथेंटिकेशन मिडलवेअर रिक्वेस्टला युजर जोडतं आणि कॉन्टेक्स्ट प्रोसेसर ती रिक्वेस्ट टेम्पलेटपर्यंत आणतो. यातली एक कडी तुटली की टॅग अडतो. रात्री आपोआप जाणारी ईमेल त्याच टेम्पलेटमधून तयार केली, तर तिथे रिक्वेस्टच नसते. म्हणून रिक्वेस्ट आहे का, हे आधी बघायचं.

लॉगिन न केलेला वाचक ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे जागा रिकामी नसते. ‘अनॉनिमस युजर’ नावाची वस्तू असते. वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं, तसंच काहीसं! म्हणून ‘युजर आहे का’ असं विचारून भागत नाही, ‘इज_ऑथेंटिकेटेड’ तपासावं लागतं.

काही जण युजर एखाद्या सामायिक व्हेरिएबलमध्ये ठेवून देतात. ते टाळावं. एकच सर्व्हर अनेकांची कामं करतो. आधीच्या माणसाचं नाव पुसायचं राहिलं तर पुढच्याच्या पानावर उमटतं. कॅशचंही तसंच. पानाचा तुकडा साठवताना किल्लीत युजरचा क्रमांक नसेल, तर एकाची पुस्तकं दुसऱ्याला दिसतील. आणि माणूस काय वाचतो, ही त्याची खाजगी बाब आहे. शिवाय टॅगने एखादं बटण लपवलं म्हणजे परवानगी नाकारली असं होत नाही. ती तपासणी व्ह्यूमध्येच व्हायला हवी.

आमचं मत विचाराल, तर जिथे शक्य आहे तिथे युजर टॅगला उघडपणे आर्ग्युमेंट म्हणून द्यावा. टेम्पलेट वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे वाक्य कोणाबद्दल आहे. बोलताना आपण ज्याला उद्देशून बोलतो त्याच्याकडे बघतोच ना, तसंच हे.