तरुण दिसणं मोजता येतं का? बारामती-इंदापूरच्या उन्हातला एक संशोधन-प्रश्न



पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "संशोधनाचा विषय कुठून आणायचा?" आज त्याचं उत्तर एका अगदी घरगुती विषयातून शोधू. विषय आहे तरुण दिसण्यासाठी रोजच्या सवयी आणि चांगला आहार. हसू नका. घराघरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी येणारा हाच विषय आहे. कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, रात्री भिजवलेले बदाम खा, चेहऱ्याला कोरफड लावा, दहा वर्षांनी लहान दिसा! यातला प्रत्येक सल्ला म्हणजे एक गृहीतक आहे. आणि गृहीतक आलं की आपलं काम सुरू होतं.

आधी ठरवा, मोजायचं काय

"तरुण दिसणं" ही भावना झाली, चल नव्हे. तिला आकड्यात आणायची एक साधी पद्धत संशोधक वापरतात. ठरावीक प्रकाशात, ठरावीक अंतरावरून चेहऱ्याचे फोटो काढायचे. ज्यांना त्या व्यक्तींबद्दल काहीच माहीत नाही अशा अनेकांना ते दाखवून वयाचा अंदाज विचारायचा. त्या अंदाजांची सरासरी म्हणजे "भासणारं वय". त्यातून खरं वय वजा केलं की हातात एक आकडा येतो.

२००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेन्मार्कच्या जुळ्यांवरचा एक अभ्यास आला. सत्तरीच्या पुढचे १८२६ जण, त्यांचे फोटो आणि सात वर्षांचा पाठपुरावा. खरं वय, लिंग वगैरे लक्षात घेतल्यावरही, जे जास्त वयस्कर दिसत होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. म्हणजे तरुण दिसणं हा निव्वळ नटण्यामुरडण्याचा मामला नाही. शरीर आतून किती झिजलंय याची थोडीफार खूण चेहऱ्यावर उमटते. विषयाला वजन आहे ते इथं.

दोन बायका, एकच वय

आता आपल्याकडे येऊ. समजा, ३८ वर्षांच्या दोन स्त्रिया आहेत. एक बारामती एमआयडीसीतल्या एका ऑफिसात काम करते. दुसरी इंदापूर तालुक्यात उसाच्या खुरपणीला, डाळिंबाच्या बागेत रोजंदारीवर जाते. पहिली रोज फळं खाते, फेसपॅक लावते आणि पस्तिशीची दिसते. दुसरी पंचेचाळिशीची वाटते. लगेच निष्कर्ष काढाल, "बघा, फळं आणि फेसपॅकचा परिणाम!"

थांबा. पहिलीच्या डोक्यावर दिवसभर छप्पर आहे, दुसरीच्या डोक्यावर पदर. पहिली आठवड्याची सुट्टी घेते. दुसरी पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करते आणि उरलेलं स्वतः शेवटी खाते. फळं, सावली, झोप, मजुरी या सगळ्या गोष्टी एकत्र बांधून येतात. कारण आणि परिणाम या दोन्हींशी जोडलेल्या अशा तिसऱ्या गोष्टीला कन्फाउंडर म्हणतात. आपल्या विषयातला सर्वांत मोठा कन्फाउंडर म्हणजे ऊन आणि गरिबी यांची जोडी. ती सोडवल्याशिवाय बदामाला श्रेय देता येत नाही.

ऊन: सर्वांत भक्कम पुरावा

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा टापू. पाऊस जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर, वर्षातले बरेच महिने आभाळ मोकळं. आपण साधारण १८ अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. अतिनील किरणांपैकी जमिनीवर पोचतात ते बहुतांशी 'अ' प्रकारचे, म्हणजे यूव्हीए. ते काचेतूनही येतात आणि त्वचेच्या आतल्या थरातल्या कोलॅजनपर्यंत जातात.

२०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला. वय ६९, २८ वर्षं ट्रक चालवलेला. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्यामानाने नितळ. चेहरा एकच, आहार एकच, जनुकं एकच, फरक फक्त उन्हाचा. (आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे एसटीच्या चालकांमध्ये कुठला गाल तपासायचा ते तुम्हीच सांगा!) पण लक्षात घ्या, एका माणसाच्या फोटोवरून प्रश्न सुचतो, तो सिद्ध होत नाही.

सिद्धतेकडे नेणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींनी रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी मनाला येईल तेव्हा. काहींना बीटा-कॅरोटीनची गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. हाताच्या मागच्या बाजूच्या त्वचेचे ठसे घेऊन साडेचार वर्षांनी तुलना केली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळलं. गोळीचा एकूणात काही फरक दिसला नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले की कन्फाउंडर दोन्हीकडे सारखे वाटले जातात. यादृच्छिक चाचणीची ताकद हीच.

हा निष्कर्ष आपल्या शिवारात जसाच्या तसा लागू करायचा का? तिथले लोक गोरे. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण वांग आणि काळे डाग लवकर येतात. त्या डागांना दिसणारा प्रकाशही हातभार लावतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. कापड अडवतं. म्हणून स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून कॉलेजला जाणाऱ्या मुली आणि पदर कपाळावर ओढून खुरपणारी बाई, दोघी शास्त्राच्या बाजूने आहेत. फक्त कापड घट्ट विणीचं आणि शक्यतो गडद हवं. विरलेली पांढरी ओढणी फारसं अडवत नाही. घड्याळापेक्षा सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की ऊन कडक आहे, सावली शोधा.

ताट: भाकरी कमी लेखू नका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. फिकट चेहरा, थकलेले डोळे, धाप. याला "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं, आणि उपाय क्रीमच्या डबीत शोधला जातो. तो ताटात आणि गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळीत आहे.

इथं एक आपल्या मातीतला अभ्यास वाचाच. 'धनशक्ती' हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आला. अशा लोहसमृद्ध बाजरीची भाकरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींच्या चाचणीत वापरली गेली. एका गटाला ती, दुसऱ्याला साध्या बाजरीची. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, त्यांच्यापैकी लोहसमृद्ध भाकरी खाणारी मुलं सहा महिन्यांत कमतरतेतून बाहेर येण्याची शक्यता १.६४ पट होती. परदेशी सुपरफूड नव्हे, भाकरी. आणि तीही पूर्ण शिस्तीत केलेली चाचणी.

त्याला जोड द्या इंदापूरच्या पेरूची. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. ते दोन कामं करतं, धान्य-कडधान्यातलं लोह शोषायला मदत करतं आणि शरीराला कोलॅजन बांधायला लागतं. याउलट जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अडवतो. म्हणून मटकीची उसळ, भाकरी, पालेभाजी, वर पेरूच्या दोन फोडी किंवा लिंबू, आणि चहा तासाभरानंतर. खर्च जवळजवळ शून्य.

आणखी एक गोष्ट. सडपातळ दिसणं म्हणजे निरोगी असणं नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची, म्हणजे आपल्या डॉक्टरांची, २१.२ टक्के. वजनकाटा आणि आरसा दोघेही अर्धवट बोलतात.

साखरेच्या पट्ट्यातली साखर

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांच्या मधोमध राहून साखरेबद्दल बोलायला जरा जड जातं, पण बोलू. भाकरीवर तव्यात जे तपकिरी डाग पडतात, त्यामागची रासायनिक क्रिया लुई कामिय माय्यार यांनी १९१२ साली मांडली. साखर आणि प्रथिनं उष्णतेत एकमेकांना चिकटतात. त्याच जातीची क्रिया शरीरात अत्यंत सावकाश चालते. मधुमेहासाठी "तीन महिन्यांची साखर" तपासतात ना, ते म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन मोजणं. हिमोग्लोबिनच्या पेशी काही महिन्यांत बदलतात. त्वचेतलं कोलॅजन मात्र निम्मं बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. त्यावर चिकटलेली साखर साचत राहते आणि ते ताठर होतं.

ही झाली यंत्रणा. माणसांत दिसतं का? नेदरलँड्समधल्या लायडनच्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्यांमध्येही रक्तातली साखर डेसिलिटरला १८ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर भासणारं वय सरासरी ०.४ वर्षाने जास्त निघालं. म्हणजे पाचेक महिने. परिणाम खरा, पण छोटा. "साखर सोडा, दहा वर्षं लहान व्हा" असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. संशोधनात "फरक आहे का" याच्याइतकाच "किती आहे" हा प्रश्न महत्त्वाचा.

तरी हिशोब करून बघा. दिवसाला पाच कप चहा, कपात दोन चमचे, चमच्यात चारेक ग्रॅम, झाले ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ च्या आत. गूळ घातला म्हणून यातून सुटका नाही, त्यातही मुख्यतः साखरच असते.

झोप आणि मिश्री

स्वीडनमध्ये २३ जणांचे फोटो एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा जागरणानंतर काढले. बघणाऱ्या ६५ जणांना जागरणानंतरचे चेहरे कमी निरोगी, जास्त थकलेले वाटले. हा २०१० चा अभ्यास. आता रात्रपाळीची लाईट आली की मध्यरात्री दारे धरायला जाणारा शेतकरी आठवा, किंवा पहाटेच कोपीतून फडाकडे निघणारी ऊसतोड मजूर बाई. "आठ तास झोपा" हा सल्ला त्यांच्यासाठी सवयीचा प्रश्न नाही, वेळापत्रकाचा आहे.

तंबाखूचंही तसंच. सिगारेटने चेहरा लवकर म्हातारा होतो हे जुळ्यांच्या तुलनेतून दिसलंय. पण गावाकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात. सिगारेटचा निष्कर्ष मिश्रीला थेट चिकटवू नका. मिश्रीसाठी वेगळा, जास्त गंभीर पुरावा आहे. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली छापलेल्या अभ्यासात गरोदरपणी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. इथं प्रश्न चेहऱ्याच्या पलीकडे जातो.

मग तुमचा प्रश्न कसा बांधाल?

"तरुण दिसण्याचे उपाय" हा विषय घेऊन गाईडकडे गेलात तर चहा पिऊन परत याल. तोच असा मांडून बघा: "इंदापूर तालुक्यात शेतमजुरी करणाऱ्या ३० ते ४५ वयाच्या स्त्रियांमध्ये, रोजचे उन्हातले तास आणि हिमोग्लोबिन यांचा भासणाऱ्या वयाशी किती संबंध आहे?" गट ठरला, जागा ठरली, मोजायच्या तीन गोष्टी ठरल्या. उत्पन्न, बाळंतपणं आणि तंबाखू यांची नोंद घ्यायची, कारण ते कन्फाउंडर. फोटो काढणार, रक्त घेणार, म्हणून आधी नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येकीची मराठीत समजावून घेतलेली संमती. ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघेल तिला आकडा सांगून आरोग्य केंद्रात पाठवायचं, नुसती एक्सेल शीट भरून निघून यायचं नाही.

घरच्यांनी "नेमकं करायचं काय?" विचारलं तर पुराव्याच्या ताकदीनुसार हा क्रम सांगा: उन्हापासून आडोसा, तंबाखू-मिश्री बंद, भाकरी-कडधान्य-पालेभाजी-पेरू, झोप, मग चहातली साखर. बदाम आणि कोरफड आवडत असतील तर खुशाल चालू द्या, पण श्रेय त्यांना देऊ नका.

आणि सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत एक ओळ नक्की घाला: "तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवतं?" या विषयातला सर्वांत उपयोगी चल कदाचित तिथंच सापडेल.