पक्ष्यांची वही आणि जमिनीचा वाद

गावाजवळ मोठी खाण येणार म्हटली, की सुनावणीला कोणीतरी उठून सांगतो, "आमच्या तळ्यावर पुष्कळ पक्षी येतात हो." साहेब मान डोलावतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात. 'पुष्कळ' हा शब्द कागदावर टिकत नाही.

याबाबत इंग्लंडच्या केंट परगण्यातील लॉज हिल येथली हकीगत ऐकण्यासारखी आहे. लष्कराच्या त्या जुन्या जागेवर ५,००० घरे बांधावयाची योजना होती. तेथल्या झुडपांत नाइटिंगेल घरटी करतो. पक्षी लहानसा, रंगाने तपकिरी, पण रात्रीसुद्धा गाणारा. २०१२ साली ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने या पक्ष्याची देशभर गणती केली. पहाटे उठून कान देणारे बहुतेक लोक हौशी स्वयंसेवक होते. लॉज हिल परिसरात ८० हून अधिक गाणारे नर भरले. आता ८० म्हणजे थोडे की फार? एकट्या आकड्यावरून ते कळत नाही. देशभरचा अंदाज हाती होता, म्हणूनच देशातील १ टक्क्याहून अधिक नाइटिंगेल या एका जागी आहेत हे दाखविता आले. ज्यांनी दूरच्या साध्या रानात मोजणी केली, त्यांचेही काम येथे उपयोगी पडले.

२०१३ साली जागेला संरक्षण मिळाले. तरीही २०१४ साली स्थानिक कौन्सिलने घरांना मंजुरी दिलीच! २०१५ साली सरकारने प्रकरण चौकशीसाठी स्वतःकडे घेतले आणि २०१७ साली अर्ज मागे घेण्यात आला.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे खाणी, विमानतळ अशा कामांच्या जनसुनावणीची निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि लेखी म्हणणेही मांडता येते. (इमारती व वसाहतींना ही सुनावणी नाही, तेथे आराखड्यावर मुदतीत हरकत घ्यावी.) पण सूचना मे महिन्यात आली तर? थंडीतली बदके तोवर परत गेलेली असतात, तळे कोरडे पडलेले असते आणि पाहणीला आलेला माणूस लिहून जातो, 'विशेष पक्षी नाहीत'. म्हणून वही आधीपासून हवी.

नोंदीत तारीख, वेळ, जागेचे नाव, किती वेळ पाहिले, आणि ओळखलेला प्रत्येक पक्षी आकड्यासह लिहावा. टिटवी, गायबगळा रोजचेच म्हणून सोडू नयेत. ओळख पक्की नसेल तर तसे लिहावे. एक खोटा धनेश सगळी वही बुडवितो. घरातील मुलाकडे मोबाइल असल्यास तीच नोंद 'ईबर्ड'वर चढवावी. २०२३ सालचा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे.

काही शेतकरी आम्हांला विचारतात, पक्षी लिहिले तर सरकार शेत घेईल काय? नोंदीने सातबारा बदलत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातशेती तर वगळलेलीच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा: भातशेतातल्या बगळ्यांना त्या नियमांचा आधार नाही. तेथे तुमची वही हाच काय तो पुरावा.